वयाची रांग

५ जानेवारी १९९७, सिल्वासा

पोचले एकदाची. वापीला उतरले तेव्हा ट्रंक, वळकटी आणि आईनं बांधून दिलेला लाडवांचा डबा असा सगळा संसार घेऊन स्टेशनाच्या दारात उभी राहिले. एक रिक्षावाला गुजरातीत बोलावत होता, दुसरा हिंदीत. तिसऱ्यानं खानदेशी हेल काढून "सेलवास ना ताई? बसा" म्हटलं, तशी मी त्याच्याच रिक्षात चढले. त्याचं नाव समाधान, शिरपूरकडचा. आधी मसाटला सुताच्या कारखान्यात होता. तिथल्या आवाजानं कान बसायला लागले म्हणून रिक्षा घेतली म्हणाला. वाटेभर मोठमोठ्यानं बोलत होता ते त्यामुळेच असेल.

खोली आमलीत आहे. नवंकोरं स्लॅबचं घर, बाहेरून अजून गिलावा व्हायचाय. खाली खानोलकर राहतात. नारायणराव प्रशासनाच्या कचेरीत आहेत आणि मंगलावहिनी मराठी शाळेत शिकवतात. दोघं कुडाळकडची. घर त्यांचंही भाड्याचंच, दिवाळीनंतर इथं आली. वरची खोली रिकामी होती ती मला दिली. जेवण त्यांच्यातच. आज सुकटीची आमटी होती, दोनदा भात घेतला.

त्यांची मुलगी सोनी, सात वर्षांची, दुसरीत. पुढचे दोन दात पडलेत. माझी ट्रंक उघडताना शेजारी उकिडवी बसून एकेक वस्तू तपासत होती. मी लहान की मोठी, असं तिनं मला विचारलं. मी उंचीला पडले कमी, त्यामुळे तिला खरोखरच शंका आली असावी. शेवटी तिनंच ठरवलं की मी अर्धी मोठी आहे. मला धनाताई म्हणणार आहे.

चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. फार छान वाटतंय.

७ जानेवारी

कंपनी मसाटच्या इस्टेटीत, सुताच्या कारखान्याला लागून. खालच्या मजल्यावर मोडेम जुळवतात, वर आम्ही. इथं कर माफ आहे म्हणून मालकांनी मुंबई सोडून इथं दुकान मांडलंय. कंपनी निघून तीन वर्षं झाली. सगळ्या खोलीला सुताच्या तेलाचा वास येतो.

काम मात्र मला हवं तसं मिळालंय. कंपनी स्वतःचा डेटाबेस तयार करते. त्यात क्वेरी प्लॅनर असतो. आपण डेटाबेसला प्रश्न विचारला की उत्तर कुठल्या वाटेनं काढायचं ते तो ठरवतो. सगळ्यात महाग वाट सॉर्टची. लाखभर नोंदी क्रमानं लावायच्या म्हटलं की मशीन धापा टाकतं. निलेशनं, म्हणजे माझ्या वरिष्ठानं, त्यावर एक युक्ती काढली आहे. ती बरोबर आहे की नाही, हे तपासून सही करायची हे माझं काम.

संध्याकाळी सोनीनं विचारलं, तू दिवसभर काय करतेस. तिला सांगितलं, शाळेत तुम्हाला उंचीप्रमाणे रांगेत उभं केलंय. आता बाईंनी प्रत्येकाला सारख्याच उंचीचा एकेक पाट दिला आणि त्यावर उभं राहा म्हणाल्या. तर रांग पुन्हा लावायला लागेल का? ती विचार करून नाही म्हणाली. झालं, एवढंच. काही फंक्शन्स, म्हणजे प्रोग्रॅममधले ठरावीक हिशेब, अशी असतात की त्यांनी रांग मोडत नाही. निलेशचा प्लॅनर ती ओळखतो आणि सॉर्ट गाळतो. सोनी म्हणाली, पण कुणी पाटावर उड्या मारल्या तर? हुशार आहे पोर.

१० जानेवारी

पहिली चूक सापडली! जन्मतारखेतून नुसतं साल काढलं तरी रांग मोडत नाही, हे खरं. पण एकाच सालातल्यांना पुढे नावाप्रमाणे लावायचं असेल तर सॉर्ट गाळून चालत नाही. निलेशचा प्लॅनर तिथंही गाळत होता. निलेशनं माझ्यासाठी चहा मागवला. माणूस बरा आहे.

माझा मोठा आक्षेप मात्र त्याला मान्य नाही. फंक्शन लिहिणारा त्यावर "हे क्रम राखतं" अशी खूण करतो आणि प्लॅनर ती खूण डोळे मिटून मानतो. खरंच राखतं का, हे कोण बघणार? निलेशचं म्हणणं, बघत बसलो तर वाचवलेला वेळ त्यातच जाईल. आणि उदाहरण काय दिलं, तर वय. दर वर्षी सगळ्यांचं एक वर्ष वाढतं, मोठा तो मोठाच राहतो. ह्यात तपासायचं काय? मी वयाचीच चाचणी लिहायला घेतली.

१४ जानेवारी

संक्रांत. वहिनींचं हळदीकुंकू होतं. शाळेतल्या बाया आणि रांध्याच्या दोन शिक्षिका आल्या होत्या. मी आणि सोनीनं तिळगूळ वाटला. सोनीनं काळं परकर-पोलकं घातलं होतं आणि ते पायात येऊन ती दोनदा पडली.

त्याआधी दुपारी ऑफिसात वयाच्या फंक्शनसाठी छोटा डेटा हवा होता म्हणून घरातल्यांच्याच जन्मतारखा घातल्या. नारायणराव, वहिनी, मी, सोनी. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. सॉर्ट न करता उत्तर बरोबर आलं. एसटीडी बूथवरून आईला फोन केला. तिनं "बाळा, जेवतेस ना?" विचारलं आणि फोन धाकट्या भावाला, रोहनला दिला. त्याची कॉलेजची परीक्षा झाली की तो इकडे येणार म्हणतोय, कंपनीत चिकटवून दे म्हणाला. आधी पास तर हो म्हटलं.

२३ जानेवारी

एक गोष्ट लिहून ठेवते. उगाच असेल.

सोनी माझ्या खांद्याला लागते. आज जिन्यात आम्ही समोरासमोर आलो तेव्हा लक्षात आलं. दातही आलेत. ओसरीवर बसून ती भूमितीचं प्रमेय पाठ करत होती. मी वहिनींना हसत विचारलं, दुसरीला प्रमेय? त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाल्या की नववीचं वर्ष आहे, आत्ता नाही अभ्यास केला तर दहावीला काय करणार.

मी चूक ऐकलं असेल म्हणून नारायणरावांना विचारलं. तेही नववीच म्हणाले. सोनी मात्र माझ्याकडे बघत राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं.

२५ जानेवारी

कोंडाबाई धुणीभांडी करते, तिला आडून विचारलं. सोनी केव्हापासून एवढी मोठी झाली? ती हसली. "पोरीची जात ताई, वेलीसारखी वाढस." आणि बादली उचलून गेली.

मी नीट जेवते, झोपते. ताप नाही. जे बघितलं ते मला नक्की आठवतंय. परकर पायात येऊन ती पडली होती.

३० जानेवारी

सोनी साडीत आहे. गॅलरीत वहिनींच्या शेजारी उभी राहून कपडे वाळत घालत होती. रस्त्यावरून बघणाऱ्याला दोघी बहिणी वाटाव्यात. वाटाव्यात कसलं, नारायणराव तिला आपली मेव्हणी म्हणाले. मी म्हटलं, अहो, सोनी तुमची मुलगी. ते रागावले नाहीत. खाली बघत म्हणाले की आम्हाला मूलबाळ नाही हे तुम्हाला माहीत आहे, असली थट्टा मंगलासमोर करू नका.

वहिनी आत पोळ्या लाटत होत्या. त्यांना बहुतेक ऐकू गेलं. माझं ताट वाढून आत निघून गेल्या.

४ फेब्रुवारी

ऑफिसात वयाची चाचणी पुन्हा चालवली. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत वयं यायला हवीत. आली ती अशी: नारायण ४२, मंगला ३६, धनश्री २४, सोनी ५१.

सोनी शेवटीच. तिची जन्मतारीख मी घातली तीच आहे, १९८९. वय ५१. प्लॅनरनं सॉर्ट गाळलं म्हणून रांग जुनीच राहिली. मग निलेशची युक्ती बंद करून मशीनला खरोखर सॉर्ट करायला लावलं. सोनी पहिली आली. मी सगळ्यात शेवटी.

निलेशला बोलावलं. त्यानं तास-दोन तास फंक्शन उलटंपालटं केलं. इतर हजारो नोंदींवर बरोबर चालतं, फक्त माझ्या चार नावांवर बिघडतं. मी त्याला सगळं सांगितलं. सोनीचे दात, परकर, सगळं. तो ऐकून घेत होता. मग फार हळू म्हणाला की मी दोन दिवस रजा घ्यावी. आणि ती चार नावं काढून टाकावीत, म्हणजे चाचणी पास होईल.

माझ्यादेखत त्यानं ती काढली. चाचणी पास झाली.

९ फेब्रुवारी

खालच्या खोलीत पलंग घातलाय. सोनीला आता उठवत नाही. केस पांढरे, हात काटकीसारखे. वहिनी शाळेत रजा टाकून तिचं सगळं करतात. आज दुपारी पेज भरवताना त्या तिला "आई, आणखी एक घास" म्हणत होत्या. खूप मायेनं. मी दारात उभी होते, मला आत पाऊल टाकवेना.

वहिनी आंघोळीला गेल्या तशी सोनीनं मला खुणेनं बोलावलं. तोंडाचं बोळकं झालंय. मी कान खाली नेला.

"धनाताई," ती म्हणाली, "आई मला आई का म्हणते?"

आवाज म्हातारीचा. बोलणं तिचंच, दुसरीतलं. तिला सगळं माहीत आहे. आत ती अजून सातच वर्षांची आहे. शाळेत बाई ओरडतील का विचारलं. मी सांगितलं, नाही ओरडणार. आई मला मारेल का विचारलं, मी तिचं ऐकत नाही म्हणून. मी पुन्हा नाही म्हटलं. तिचा हात धरून बसले. दुसरं काय करता येतं मला सुचलं नाही. डॉक्टर रोज येतात. वय झालंय म्हणतात.

१३ फेब्रुवारी

सोनी गेली. सकाळी.

दमणगंगेच्या काठावर नेलं. शाळेतले, कचेरीतले लोक आले होते. पिकलं पान, सुटल्या बिचाऱ्या, सगळं बघून गेल्या, असं एकमेकांना सांगत होते. नारायणराव जावई म्हणून उभे होते. वहिनी आईसाठी रडल्या, पोरक्या झाल्यासारख्या. मुलीसाठी कुणी रडलं नाही. मी रडले तर शेजारच्या बाई मला म्हणाल्या, तुला का गं एवढं, तुझ्या कोण लागत होत्या?

१७ फेब्रुवारी

विचार करून बघितला. पुन्हा पुन्हा. घरात सगळ्यात धाकटी सोनी होती. तिच्यापासून सुरू झालं आणि ती संपेपर्यंत थांबलं नाही. एका वेळी एकच. आता घरात सगळ्यात धाकटी मी आहे.

आज वेणी घालताना कानामागे पांढरी बट हाताला लागली. एक केस नव्हे, बट.

१८ फेब्रुवारी

गुडघे दुखतात. वहिनी मला अहोजाहो करायला लागल्या. धनश्रीताई, चहा घेता ना? कधीपासून ते त्यांनाही सांगता येणार नाही. ऑफिसात निलेश मॅडम म्हणतो, खुर्ची पुढे करतो. मी म्हटलं निलेश, महिन्यापूर्वी तू मला अगंतुगं करत होतास. तो संकोचून हसला.

बूथवर गेले. आईनंच फोन उचलला. माझा आवाज ऐकला आणि किती आनंद झाला तिला.

"ताई," ती म्हणाली, "किती दिवसांनी गं आठवण झाली धाकट्या बहिणीची!"

मी फोन ठेवला. पैसे द्यायचे राहिले, बूथवाला मागे पळत आला. मावशी म्हणाला.

२१ फेब्रुवारी, ठाणे

पळून आले. समाधाननं हात धरून रिक्षात चढवलं. त्याला वाटलं, मी मुलाकडे चाललेय. गाडीत एका मुलीनं उठून जागा दिली.

दार रोहननं उघडलं. मावशी आली म्हणून आत ओरडला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हटलं, रोहन, मी धना. तुझी बहीण. तो हसला. "मला कुठली बहीण, मावशी?" म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

आई मला सोडेना. लहानपणी तू मला कडेवर घेऊन विहिरीवर न्यायचीस, माझ्या वाटणीचा मार तू खायचीस, सांगत बसली. खरं तर आई एकटीच. तिला भावंड नाही. जन्मभर त्याची रुखरुख होती तिला. इतकी खूश मी तिला कधी बघितली नव्हती. मी हं हं करत राहिले. मला वाटलं इथंच राहावं. ताई तर ताई. आईजवळ तर राहीन.

२२ फेब्रुवारी, ठाणे

इथंही वाढतंय. आज पायऱ्या उतरता आल्या नाहीत. म्हणजे हे घराचं नाही, माझ्याबरोबर आलंय. की मी त्या घराची झालेय? कळत नाही.

जेवताना रोहन समोर बसला होता. भात कालवत मला काहीतरी सांगत होता, क्रिकेटचं. एकदम लक्षात आलं. ह्या घरात सगळ्यात धाकटा रोहन. मी इथं संपले तर पुढे कोण?

ताट तसंच टाकून उठले. आई म्हणत होती, ताई, निदान ताक तरी पी. मी थांबले नाही. रोहन स्टेशनपर्यंत येतो म्हणाला, त्याला येऊ दिलं नाही. मला ह्या घरात संपायचं नाही. एवढंच अजून माझ्या हातात आहे.

२३ फेब्रुवारी, सिल्वासा

परत आले. वहिनींना सांगितलं, तुम्ही दोघं हे घर सोडा, लगेच, मला इथं एकटीला ठेवा. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आजी, तुम्हाला टाकून कुठे जाऊ आम्ही?

आजी.

२७ फेब्रुवारी

आज ऑफिसातून गाडी न्यायला आली. वाटलं, निलेशला काही आठवलं असेल.

निरोप समारंभ होता. माझा. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मालक स्वतः बोलले. धनश्रीबाईंनी आयुष्य ह्या कंपनीला दिलं म्हणाले. कंपनी तीन वर्षांची आहे. समोर चाळीसेक माणसं, कुणालाही ते खटकलं नाही. टाळ्या वाजवल्या. निलेशच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

शेवटची सही तेवढी करून द्या म्हणाला. प्लॅनरच्या तपासणीवर. मी नाही म्हटलं. सांगितलं, खुणेवर विश्वास ठेवू नकोस, एकदा तरी बघ, बाबा, वय रांग मोडतं, माझ्याकडे बघ. माझा आवाज चिरकत होता.  मग कुणीतरी सरबत आणलं. निलेशनं समजुतीनं कागद काढून घेतला आणि माझ्या नावापुढे स्वतःच सही केली. बाईंचा हात थरथरतो म्हणाला.

१ मार्च

खालच्या खोलीत हलवलंय. पलंग तोच.

कोंडाबाई अंग पुसते. माय म्हणते मला. तिची नात अंगणात खेळत होती. आत येऊ देऊ नको म्हटलं, आत नको, ह्या घरात नको. पोर तुझं काय खाते, म्हणाली. रागावली. पण नेलं तिला. नेलं.

३ मार्च

डोळे. अक्षर वेडंवाकडं येतं.

आतून मी तीच आहे. चोवीस. हे कुणाला कसं — सोनीलाही असंच —

वहिनींनी ठाण्याला तार केली. मी नको म्हणत होते. नको, कुणी नको. त्यांनी ऐकलं नाही. अशा वेळी रक्ताचं माणूस हवं म्हणाल्या.

५ मार्च

आई आली. बरोबर रोहन.

दारातच वाकली. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या आईनं. तिचे केस काळे आहेत अजून. मला पाय ओढून घेता येईनात. उशाशी बसून तिनं माझे केस विंचरले, लहानपणी विंचरायची तसेच — ती नेहमी — तिला आठवत नाही.

तिला परत जायला हवं, घरी बाबा एकटे, त्यांना बघायला कुणी नाही. निघताना कानाशी आली.

"आई, येते मी. रोहनला ठेवलंय तुझ्यापाशी."

मी ओरडले. शब्द निघाला नाही. तिला वाटलं, तिच्या जाण्यानं मी रडतेय. तीही रडली. आणि गेली.

६ मार्च

रोहन इथंच. कॉलेज बुडवून. मला उचलून बसवतो, पाठ चोळतो. जा म्हणते. हो आजी म्हणतो.

शिव्या दिल्या. पेला फेकला, कपाळाला लागला त्याच्या. रक्त आलं. त्यानं पुसलं, हसला. आईनं सांगितलंय म्हणाला, म्हातारी माणसं अशी करतात, मनावर घ्यायचं नाही.

वहिनींना खूण केली — त्याला घालवा — त्यांनी त्याचं अंथरूण माझ्या खोलीत घातलं. जवळ हवाय त्यांना, म्हणाल्या.

७ मार्च

श्वास लागतो. डॉक्टर आले. वय —

लिहून दाखवलं त्याला. जा. दोनदा लिहिलं. वाचता येईना त्याला. पोथी हवी का विचारलं.

८ मार्च

सकाळ. ऊन पलंगावर. छाती —

तो आत पेज करतोय. झाकणाचा आवाज. गुणगुणतोय काहीतरी.

रोहन, मागून कधी हे हाती आलं तर उशीर होईल. आत्ता वाच. मी तुझी आजी नाही. धना. तुझ्याहून चार वर्षांनी मोठी, चारच. घरात आता धाकटा तू —

मी गेले की लगेच — थांबत नाही ते —

रोहन, पेज राहू दे. चप्पल घाल. निघ. मी आहे तोवर